आरोप मिरचीवर, चोरी मिठाची!

शाळा सुटण्याच्या वेळी कोपऱ्यावरच्या दुकानासमोर पाच मिनिटं उभं राहा. दारात पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात, लाल, नारिंगी, हिरव्या, चमचमत्या. पाठीवरचं दप्तर तसंच ठेवून मुलं नाणं पुढे करतात. पुडा दातांनी फाटतो, पहिला तुकडा कुर्रकन मोडतो आणि दोन मिनिटांत बोटांच्या पेरांवर लाल मसाला, ओठ लालेलाल, नाक सूं-सूं! शेवटी पुडा तोंडावर उपडा करून तळाचा भुगाही फस्त. मग बोटं चाटून साफ.

घरी आजी ओरडते, "किती तिखट खातोस रे! पोटाची वाट लागेल." आजीची काळजी शंभर टक्के खरी. पण तिने पकडलेला चोर चुकीचा आहे. मिरचीच्या नावाने सगळे ओरडतात आणि तिच्या आडून मीठ, तेल, पिष्ट आणि रंग बिनबोभाट पोटात जातात. या चटकदार पुड्याची ही चटकदार झाडाझडती!

"तोंड भाजलं" हे अगदी खरं

गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी या चवी जिभेवरच्या रुचिकलिकांना कळतात. तिखट त्यांत बसत नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन थेट वेदना ओळखणाऱ्या मज्जातंतूंना भिडतं. या तंतूंवर टीआरपीव्ही-१ नावाचं एक सूक्ष्म दार असतं. एरवी ते साधारण ४३ अंश सेल्सियसच्या पुढच्या उष्णतेला उघडतं. कॅप्सेसिन तेच दार उघडतं आणि मेंदूला निरोप जातो, "भाजतंय!" म्हणून घाम फुटतो, नाक वाहतं, कान गरम होतात. डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दार १९९७ मध्ये शोधलं. त्यासाठी २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ज्युलियस यांना आर्डेम पॅटापूटियन यांच्यासोबत मिळालं. झणझणीत रश्शाने तोंड 'भाजतं' असं आपण म्हणतो, ते मज्जातंतूंच्या भाषेतही बरोबर आहे.

हीच दारं अन्ननलिकेपासून थेट शेवटच्या टोकापर्यंत असतात. रात्री खाल्लेल्या तिखटाची सकाळी पुन्हा आठवण होते, ती यामुळेच.

पोपट हाय-हाय का करत नाही?

पिंजऱ्यातला पोपट मिरची मिटक्या मारत खातो. पक्ष्यांचं ते दार कॅप्सेसिनला उघडतच नाही, त्यामुळे त्यांना तिखट लागत नाही. मिरचीच्या झाडाचा त्यात फायदा आहे. पक्षी बिया न चावता गिळतात आणि दूरवर टाकतात. सस्तन प्राणी मात्र दाढांनी चिरडतात, म्हणून त्यांना तिखटाने लांब ठेवलेलं बरं! आणखी एक गंमत म्हणजे मिरचीचा तिखटपणा बियांत तयार होत नाही. बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात, त्या शिरेत तो बनतो.

आपली वाटते, पण पाहुणी आहे

मिरची मूळची अमेरिका खंडाची. पोर्तुगीज १४९८ मध्ये भारतात पोहोचले, १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला आणि त्यांच्या गलबतांतून मिरची आपल्या किनाऱ्यावर उतरली. त्याआधी आपल्या स्वयंपाकाचा तिखटपणा मिरी, सुंठ, पिंपळी यांच्यावर चालायचा. 'मिरची' हा शब्दसुद्धा मिऱ्यावरूनच आला. आज लवंगी, संकेश्वरी, भिवापुरी या नावांशिवाय आपलं पान हलत नाही.

पाणी नको, ताक आण!

ठसका लागला की हात पाण्याच्या तांब्याकडे जातो. उपयोग शून्य, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. पाणी ते फक्त तोंडभर पसरवतं. दूध, दही, ताक यांतलं केसीन नावाचं प्रथिन आणि स्निग्धांश कॅप्सेसिनला जिभेवरून सोडवून नेतात. झणझणीत जेवणाबरोबर ताकाची वाटी ठेवण्यात आपल्या आज्यांचं हे शहाणपण होतंच.

पुड्यासोबत मुलं घेतात ते फसफसणारं थंड पेय. त्यातल्या बुडबुड्यांचं आम्ल आधीच चिडलेल्या तंतूंना आणखी चुणचुणतं. वर ३३० मिलिलिटरच्या कोलात साधारण ३५ ग्रॅम साखर असते, म्हणजे सात चमचे. तहान भागत नाही आणि साखरेची भर मात्र पडते.

लाल दिसतं तितकं तिखट नसतं

तिखटाची मोजपट्टी १९१२ मध्ये विल्बर स्कोव्हिल या अमेरिकी औषधनिर्मात्याने केली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात इतका पातळ करायचा की चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं व्हावं. जितकं जास्त पाणी, तितका मोठा आकडा. ढोबळी मिरची शून्यावर. ईशान्य भारतातली भूत जोलोकिया दहा लाखांच्या वर. २०२३ मध्ये गिनीज नोंदीत गेलेली 'पेपर एक्स' तर २६ लाख ९३ हजारांवर!

नेहमीच्या पुड्यातलं तिखट या शर्यतीत कुठेच नसतं. त्याचा लालभडक रंग बऱ्याचदा पॅप्रिकाच्या अर्कातून येतो. पुड्यावर तो आयएनएस १६०सी या घटक-क्रमांकाने भेटतो. रंग वेगळा आणि तिखट वेगळं, हे मसाला करणाऱ्या प्रत्येक घराला माहीत आहे. रंगाला ब्याडगी, जाळाला लवंगी! पुड्यातली झोंबणारी चव पुष्कळदा मिरचीपेक्षा आंबटाची असते, सायट्रिक आम्ल (३३०) आणि मॅलिक आम्ल (२९६) यांची.

अल्सरच्या खटल्यात मिरची निर्दोष

"तिखट खाल्लं की पोटात अल्सर होतो" ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल या डॉक्टरांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूंचं द्रावण स्वतः पिऊन टाकलं, आजारी पडले आणि जठराच्या दाहामागे हा जिवाणू असतो हे दाखवून दिलं. २००५ चं नोबेल त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना मिळालं. अल्सरची मोठी कारणं आज आपल्याला माहीत आहेत. एक हा जिवाणू आणि दुसरी वेदनाशामक गोळ्यांची सवय.

मग पोट जळतं ते का?

कारण पुड्यात मिरची एकटी येत नाही. तेलकट पदार्थ जठरात जास्त वेळ रेंगाळतो. तेलामुळे अन्ननलिकेच्या तळाची झडपही सैल पडते आणि आम्ल वर येतं. त्याच रस्त्यावर तिखट आणि आंबट आधीच घासलेलं असतं. दुपारच्या डब्यानंतर पाच-सहा तासांचं रिकामं पोट आणि त्यात थेट हा मारा! छातीत जळजळ, आंबट ढेकर, पोटात कळ. ज्यांना आधीच आम्लपित्त, अल्सर किंवा मूळव्याध आहे, त्यांना तिखट नक्की त्रास देतं. मूल वारंवार पोट धरून बसत असेल तर ओवा-सोडा देऊन वेळ मारून नेऊ नका, डॉक्टरांना दाखवा. लाल रंगाच्या पुड्यानंतर शौचाला लालसर झालं तर तो रंगही असू शकतो. पण खात्री डॉक्टरांनीच करायची.

इथे थट्टा संपते

'एक तुकडा खाऊन दाखव' या पैजांनी गेल्या काही वर्षांत मुलांना दवाखान्यात पोहोचवलं आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात अशा अतितिखट चिपची पैज घेतल्यावर १४ वर्षांचा एक मुलगा दगावला. शवचिकित्सेत त्याच्या हृदयात जन्मजात दोष आढळला, तसंच मृत्यूच्या नोंदीत भरपूर कॅप्सेसिन असलेला पदार्थ नुकताच खाल्ल्याचाही उल्लेख झाला. तो चिप बाजारातून मागे घेतला गेला. जुलै २०२४ मध्ये टोकियोत भूत जोलोकिया घातलेले चिप्स खाऊन शाळेतल्या १४ विद्यार्थ्यांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्याआधी जूनमध्ये डेन्मार्कने कोरियाचे तीन अतितिखट नूडल्स बाजारातून काढायला लावले होते. पुढे त्यांतल्या दोन प्रकारांवरची बंदी उठली.

मोठी माणसंही यातून सुटलेली नाहीत. अमेरिकेत ३४ वर्षांच्या एका माणसाने स्पर्धेत कॅरोलिना रीपर ही मिरची खाल्ली आणि त्याला विजेसारखी तीव्र डोकेदुखी सुरू झाली. मेंदूच्या रक्तवाहिन्या काही काळ आकुंचन पावल्या होत्या. तो पुढे बरा झाला. ही घटना २०१८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली.

मुलांशी हे आजच बोला. धाप लागणं, छातीत दुखणं, सतत उलट्या यांपैकी काहीही दिसलं तर घरगुती उपाय करत न बसता थेट रुग्णालय गाठा.

अडीचचा पाढा शिका

आता खरा चोर. पुडा उलटा करा. मागे बारीक अक्षरांत पोषणाचा तक्ता असतो. त्यात 'मीठ' शोधाल तर सहसा सापडणार नाही, तिथे 'सोडियम' लिहिलेलं असतं, मिलिग्रॅममध्ये. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ निघतं. समजा १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम आहे. ८०० गुणिले अडीच म्हणजे २००० मिलिग्रॅम, म्हणजेच दोन ग्रॅम मीठ. पन्नास ग्रॅमचा पुडा संपवला की एक ग्रॅम मीठ पोटात.

एक ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतं. पण जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसानेही दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे चहाचा जेमतेम एक सपाट चमचा. लहान मुलांचा वाटा त्याहून कमी. घरच्या आमटीत, भाजीत, लोणच्यात, पापडात मीठ असतंच. पाच मिनिटांच्या चटकदार खाऊने दिवसाचा पाचवा हिस्सा संपवला, तर रात्रीच्या ताटाआधीच कोटा भरत येतो. जास्त मीठ रक्तदाब वाढवतं आणि त्याचा ताण हृदय, मेंदू, मूत्रपिंडं यांच्यावर येतो. ते दुखत नाही, झोंबत नाही, ठसका आणत नाही. म्हणून तर चोर सापडत नाही!

तेलाचंही तेच. बटाट्याच्या चिप्समध्ये वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश तेल असतं. पन्नास ग्रॅमच्या पुड्यात तीन-साडेतीन चमचे. वाटीत काढून ठेवलं तर कुणी पिणार नाही, पण कुरकुरीत झालं की कळतसुद्धा नाही.

मिरची तर मीठ वाचवते

२०१७ मध्ये चीनमधल्या ६०६ जणांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिखटाची आवड असलेली माणसं कमी मीठ खातात आणि त्यांचा रक्तदाबही कमी असतो, असं त्यात दिसलं. कारण तिखट असलं की थोडं मीठही पुरेसं वाटतं. घरच्या स्वयंपाकात हा फायदा मिळू शकतो. पुड्यात मात्र तिखट आणि मीठ दोन्ही मुक्तहस्ताने असतात.

गुरांच्या खाद्यातून आलेला कुरकुरीतपणा

१९३० च्या दशकात अमेरिकेतल्या बेलॉइट गावी मक्यापासून गुरांचं खाद्य बनवणारा कारखाना होता. यंत्र अडकू नये म्हणून कामगार मका ओलसर करून टाकत. यंत्र तापलं आणि तोंडातून फुगलेल्या, हलक्या काड्या बाहेर पडू लागल्या! एका कामगाराने त्या घरी नेल्या, तळल्या, मीठ लावलं आणि एका नव्या खाऊचा जन्म झाला.

आजही तत्त्व तेच. तांदूळ, मका, डाळीचं ओलसर पीठ दाबाखाली आणि उष्णतेत दाटून येतं. छिद्रातून बाहेर पडताच आतल्या पाण्याची वाफ होते आणि पीठ फुगतं. भारतात कुरकुरे १९९९ मध्ये आले ते याच घराण्यातले. असे तुकडे जिभेवर क्षणात विरघळतात. तोंडात घास उरत नाही, त्यामुळे आपण बरंच खाल्लं असं वाटतच नाही. चणे चावताना जबडा थकतो, इथे तो थकण्याआधीच पुडा संपतो.

कान पण खातात

ऑक्सफर्डचे चार्ल्स स्पेन्स आणि त्यांचे सहकारी मासिमिलियानो झाम्पिनी यांनी लोकांना चिप्स खायला दिले आणि चावण्याचा आवाज हेडफोनमधून कमी-जास्त केला. आवाज वाढला की तोच चिप लोकांना ताजा आणि कुरकुरीत वाटला! या प्रयोगाला गमतीशीर संशोधनासाठीचं २००८ चं 'इग नोबेल' मिळालं. पुड्यात भरलेला नायट्रोजन याच कुर्र आवाजाची राखण करतो. तो तेल खवट होऊ देत नाही आणि तुकड्यांना गादीसारखं जपतो. घाबरू नका, आपण श्वासात घेतो त्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

रोज पाचशे कॅलरी जास्त

२०१९ मध्ये अमेरिकेत संशोधक केव्हिन हॉल यांनी २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं, कमी प्रक्रियेचं अन्न दिलं. ताटात वाढलेली साखर, मीठ, स्निग्धांश आणि चोथा यांचं माप दोन्हीकडे सारखं. हवं तितकं खा, अशी मुभा. प्रक्रियेचं अन्न होतं तेव्हा माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली. दोन आठवड्यांत वजन ०.९ किलो वाढलं, साध्या अन्नावर तितकंच उतरलं. "एवढा कसा रे खादाड!" म्हणून पोराला रागावण्याआधी हे आठवा. पुडा असाच घडवलेला असतो की हात थांबू नये.

६२१, ६२७, ६३१

हे लॉटरीचे आकडे वाटले तरी चवीचे आहेत. ६२१ म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट, आपल्या बोलीत अजिनोमोटो. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा यांनी जपानी कोम्बू शेवाळातून ग्लुटामेटची चव वेगळी काढली आणि तिला उमामी म्हटलं. पिकल्या टोमॅटोतही ते निसर्गतः असतं. ६२७ आणि ६३१ हे त्याचे जोडीदार, एकत्र आले की चव कितीतरी पटींनी खुलते. नेहमीच्या प्रमाणात ६२१ विषारी नाही. पण साध्या पिठाला ते अशी चव देतं की भाकरी-उसळ मुलांना बेचव वाटू लागते. नुकसान खरं तिथे आहे.

पिवळ्या रंगाने उंदीर पारदर्शक!

टार्ट्राझिन (आयएनएस १०२) हा अनेक खाऊंतला पिवळा रंग. २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या शास्त्रज्ञांनी त्याचं द्रावण उंदरांच्या त्वचेवर चोळलं आणि पोटातले अवयव बाहेरून दिसू लागले! धुतल्यावर त्वचा पूर्ववत. ही किमया त्वचेवर चोळण्याची आहे, खाण्याची नाही. खाण्याच्या बाबतीत २००७ चा साउदॅम्प्टनचा अभ्यास महत्त्वाचा. काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेन्झोएट यांच्या मिश्रणाने काही मुलांची चुळबुळ वाढल्याचं त्यात दिसलं. युरोपात २०१० पासून अशा सहा रंगांच्या पदार्थांवर तशी सूचना छापावी लागते.

आणि ती प्लास्टिकची अफवा?

"जाळून बघा, प्लास्टिकसारखं वितळतं!" असं म्हणत पुड्यातला तुकडा पेटवणारा व्हिडिओ कधीतरी तुमच्याही फोनवर आला असेल. पिष्ट आणि तेल एकत्र आलं की ते जळणारच. काजूला काडी लावली तर तोही दिव्यासारखा पेटतो. नसलेलं प्लास्टिक शोधण्यात जीव घालवू नका, छापलेलं सोडियम वाचा.

सुटं म्हणून सूट नाही

सुटं फरसाण, शेव, पापडी हेही तळलेलं आणि खारटच. तेल पुन्हा पुन्हा उकळलेलं असेल तर आणखी वाईट. १ जुलै २०१८ पासून देशात नियम आहे की तळणीच्या तेलातली, वारंवार तापवल्याने वाढणारी ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरायचं नाही. काळं, फेसाळ, उग्र वासाचं तेल दिसलं की त्या कढईतलं काही घेऊ नका.

त्यापेक्षा भडंग करा. पसरट कढईत दोन चमचे तेल, ठेचलेला लसूण, मूठभर कढीपत्ता. तो चुरचुरला की शेंगदाणे, मग आच मंद करून हळद आणि लाल तिखट. शेवटी चुरमुरे घालून हलक्या हाताने परतायचं. चुरमुऱ्यांत बहुधा आधीच मीठ असतं, म्हणून वरून घालताना हात आखडता. तिखट मात्र हवं तेवढं घाला!

पन्नास मीटरची रेघ

२०२० च्या केंद्रीय नियमांनुसार जास्त तेल, मीठ, साखरेचे पदार्थ शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायला मनाई आहे. महाराष्ट्राने तर २०१७ मध्येच शाळांच्या उपाहारगृहांतून ते हद्दपार करायला सांगितलं होतं. तुमच्या मुलाच्या शाळेच्या फाटकापासून पावलं मोजा आणि पालकसभेत हा विषय काढा.

उद्या मूल पुडा घेऊन आलं की हिसकावू नका. तो उलटा करून त्याच्याच हातात द्या आणि म्हणा, "सोडियम शोध, अडीचने गुण आणि उत्तर आजीला सांग." पोर गुणाकार करेल, आजी तेवढं मीठ तळहातावर काढून दाखवेल. ती पांढरी चिमूट बघितली की दोघांनाही चोर ओळखता येईल.